डॉक्टरांचं अर्धं वाक्य

पंच्याऐंशी साली अधिक महिना श्रावणात आला आणि पाराशऱ्यांच्या घरातल्या मुंग्यांनी साखरेकडे बघणं सोडून दिलं. त्यांना आता अनारसा लागायचा, आणि तोही साजूक तुपातला. पहिल्या आठवड्यात त्या शिस्तीने रांगेत आल्या. दुसऱ्या आठवड्यात रांग ढिली पडली, आणि तिसऱ्या आठवड्यात मुंग्या भिंतीवर अर्ध्या वाटेतच वामकुक्षी घेऊ लागल्या. ही बातमी घरातल्या धाकट्या उपेंद्राने नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये कामावर जाऊन सांगितली तेव्हा कुणी हसलं नाही, कारण पंचवटीतल्या भिक्षुकांच्या घरी अधिकात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

अधिकात गंगेवर स्नान करायचं आणि ब्राह्मणाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, ही रीत. नाशिकचा माणूस गोदावरीला गंगाच म्हणतो. वणीचे, चांदवडचे, सटाण्याचे यजमान पहाटेच्या एसट्या पकडून यायचे, रामकुंडावर डोक्यावरून पाणी घ्यायचे आणि पाराशऱ्यांच्या थोरल्या वेणीमाधवरावांसमोर फडक्यात बांधलेला डबा ठेवायचे. दान नाकारायचं नाही. शिळं म्हणून फेकायचं नाही. शेजारी द्यावं तर शेजारीही भिक्षुकच, सकाळी इकडून गेलेला डबा संध्याकाळी दुसऱ्या फडक्यात बांधून परत यायचा. गाईपुढे ठेवून झाले. तिसऱ्या दिवशी गाईने वेणीमाधवरावांच्या बायकोकडे, सरोजिनीकडे, अशा नजरेने बघितलं की सरोजिनीच ओशाळली.

आणि ज्या माणसाच्या भरवशावर हे सगळं पूर्वी चालायचं, त्याचंच तोंड बंद झालं होतं.

वेणीमाधवरावांचं जेवण हा एके काळी मुद्दाम बघायला जाण्याचा विषय होता. त्र्यंबकला एका श्राद्धात यजमानाने वाढपी बदलले, मग पंगत बदलली, शेवटी आचारी बदलला, तरी हे त्याच पाटावर. मागच्या वर्षी मात्र त्यांना उजव्या बरगडीखाली जड वाटायला लागलं. गंगापूर रोडच्या डॉक्टर बर्व्यांकडे पोटाचे फोटो काढायचं नवं यंत्र आलं होतं. धीर द्यायला म्हणून धाकटा भाऊ उपेंद्र बरोबर गेला, आणि आलोच आहोत तर म्हणून त्यानेही आपला फोटो काढून घेतला.

उपेंद्र शनिवारी प्रेसमधून ज्या वाटेने घरी यायचा ती वाट एका परमिट रूममधून जायची. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं. पण फोटोत उपेंद्राचं यकृत निघालं घासलेल्या तांब्यासारखं स्वच्छ, आणि गंगेच्या पाण्याशिवाय कशाला ओठ न लावणाऱ्या वेणीमाधवरावांच्या यकृतावर निघाला चरबीचा थर. डॉक्टरांनी तूप, साखर आणि श्राद्धाची जेवणं बंद केली. गावाने ऐकलं ते एवढंच, की पाराशरे गुरुजींचं लिव्हर गेलंय. लिव्हर कशाने जातं ते गावाला पक्कं ठाऊक होतं. घाटावरचे दुसरे भिक्षुक त्यांच्याकडे मोठ्या आपुलकीने बघू लागले. एकाने तर कोणत्या वारी घेता, असंही हळूच विचारलं.

पण त्या दिवशी डॉक्टरांकडून घरी आल्यावर वेणीमाधवरावांनी पाटावर बसून एक निर्णय सांगितला होता. अमुक सुतक किती दिवस, तमुक तिथी आज धरायची की उद्या, हे ते ज्या सुरात सांगत, त्याच सुरात. “हा विकार पुरुषांचा. स्त्रियांना निसर्गाने कवच दिलेलं आहे. त्यांना दोष नाही.”

झालं. घरात दोष पुरुषांपुरता ठरला, आणि जे दान वाया घालवता येत नव्हतं त्याची वाट आपोआप निघाली. धाकटी जाऊ लतिका मुलींच्या शाळेत शिकवायची. ती डब्यात चार अनारसे घेऊन जायची आणि यायची तेव्हा डबा रिकामा असायचा. उरलेले सगळे सरोजिनीच्या वाट्याला. ती दुपारी सगळ्यांचं झाल्यावर जेवायची, आणि जेवणानंतर आपल्या नवऱ्याच्या वाटणीचं, म्हणजे पूर्वी जे तीन माणसांच्या वाटणीचं समजलं जायचं ते, देवाचं नाव घेऊन संपवायची. वेणीमाधवरावांना निर्णय इतका आवडला की तो त्यांनी घाटावर यजमानांनाही सांगायला सुरुवात केली.

सरोजिनीला अनारसे आवडत होते म्हणून ती खात होती, असं म्हणणं तिच्यावर अन्याय होईल. आणि आवडत नव्हते असं म्हणणं अनारशांवर.

तर त्या रविवारी सगळी घरीच होती. सरोजिनी वाढत होती. भाताचं भांडं हातात घेऊन ती स्वयंपाकघरातून आली, वेणीमाधवरावांच्या ताटाशी वाकली आणि भांडं खाली ठेवून पुन्हा उभी राहताना तिने डावा हात भिंतीला आणि उजवा बरगडीखाली लावला. लतिकाने ते पाहिलं. मागच्या वर्षी मोठे दीर हात नेमका तिथंच ठेवायचे.

“वहिनी, किती दिवस दुखतंय?” लतिकाने विचारलं.

सरोजिनी म्हणाली, दुखत नाही, जड वाटतं, आणि जड वाटायला काय, अधिकाचा स्वयंपाक का हलका असतो. लतिका म्हणाली, दुपारी तुम्ही बसल्या जागी झोपता, पायऱ्या चढून आलात की धाप लागते, आणि ब्लाउज दोनदा उसवून पुन्हा शिवलेत. पोटाचा फोटो काढून घेऊ.

वेणीमाधवरावांनी वर न बघताच सांगितलं की काही गरज नाही, स्त्रियांना हे होत नाही. उपेंद्र त्या वेळी भरल्या तोंडाने भावाच्या बाजूला होता. बायकोने त्याच्याकडे नुसतं बघितलं, तर घास गिळून तो म्हणाला की फोटो काढायला हरकत तशी काही नसते. सरोजिनी मात्र नवऱ्याच्या बाजूने उभी राहिली, आणि इतक्या जोरात की लतिकाला आश्चर्य वाटलं. हे म्हणतात ते बरोबर आहे, मला काही झालेलं नाही, विषय बंद.

त्यामागे खरं काय होतं ते सरोजिनीने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ते होतं मंगलाबाई.

शेजारच्या गल्लीतल्या मंगलाबाई सोवळ्यातला स्वयंपाक करून द्यायच्या. लग्न होऊन आल्यापासून दर महिन्याला सरोजिनीला कावळा शिवला की ती मागच्या खोलीत बाजूला बसायची आणि मंगलाबाई चुलीचा ताबा घ्यायच्या. हळदीचा डबा उजवीकडून डावीकडे जायचा. आमटीत गूळ वाढायचा. वेणीमाधवराव जेवून उठताना म्हणायचे की आजची आमटी काय झाली होती, आणि मागच्या खोलीत सरोजिनीला ते स्पष्ट ऐकू यायचं. चार वर्षांपूर्वी पाळी कायमची थांबली तेव्हा बायका उदास होतात, असं तिने ऐकलं होतं. सरोजिनीने हळदीचा डबा उजवीकडे ठेवला आणि तो त्यानंतर हलला नाही. महिन्याचे तीसही दिवस चूल तिची. एकदा का डॉक्टरने आजार म्हटला, की नवऱ्याचं ताट जसं गेलं तशी तिची चूल जाणार, हे तिला फोटो न काढताच दिसत होतं.

लतिका शाळेत मुलींना वठणीवर आणून तयार झालेली होती. दोन दिवस तिने विषय काढला नाही. बुधवारी ती पडेल चेहऱ्याने आली आणि म्हणाली की मलाच हल्ली बरगडीखाली कसंसं होतंय, मी फोटो काढून घेणार आहे, एकटीला भीती वाटते, तुम्ही नुसत्या बरोबर चला. आता जावेला भीती वाटते म्हटल्यावर सरोजिनी नाही कशी म्हणणार? वेणीमाधवरावांचीही वर्षाची तपासणी व्हायचीच होती. तिघं एका रिक्षात बसली. रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं, आणि सावकाश चालवतो म्हणाला.

यंत्रापाशी गेल्यावर लतिकाची भीती आश्चर्यकारक वेगाने सरोजिनीकडे गेली. आलात तसं तुमचंही होऊन जाऊ द्या, असं डॉक्टरच म्हणाले, कारण त्यांना लतिकाने तसं म्हणायला सांगून ठेवलं होतं.

मग तिघं खुर्च्यांवर बसली. डॉक्टर बर्व्यांनी काळे फोटो एकापाठोपाठ एक उजेडाला लावले. लतिकाचं यकृत छान होतं. गुरुजींचं पुष्कळ सुधारलं होतं, वर्षभर पथ्य केल्याचं दिसत होतं. तिसऱ्या फोटोपाशी डॉक्टर थांबले. वहिनींच्या यकृतावर गुरुजींच्या मागच्या वर्षीपेक्षा जास्त चरबी आहे, म्हणाले.

सगळ्यांत आधी बोलले वेणीमाधवराव. “म्हणजे ही काही पीत नाही ते गावाला माहीत आहे. तिलाही झालं म्हणजे आता माझ्याबद्दल कुणी काही बोलू शकणार नाही.” चेहरा असा उजळला होता की जणू वर्षभराचं ग्रहण सुटलं होतं. मग दोन्ही बायका आपल्याकडे बघताहेत हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी उपरण्याने घाम पुसला. पंखा चालू होता.

डॉक्टरांनी रिवाज म्हणून सरोजिनीला दारूबद्दल विचारलं. ती म्हणाली, “घरात शनिवारी थोडा वास येतो, त्याने होतं का?” लतिका भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागली.

डॉक्टर हसले आणि म्हणाले, नाही, हे तुपासाखरेचं आहे आणि वजनाचं आहे. जाऊबाई तेच खातात तरी त्यांचं स्वच्छ कसं, असं सरोजिनीने विचारलं, तर लतिकाने खालच्या आवाजात कबूल केलं की ती चार अनारशांतले तीन शाळेतल्या मुलींना वाटते. डॉक्टर म्हणाले, ते तर झालंच, पण वयाचाही फरक आहे. मग ते वेणीमाधवरावांकडे वळले.

“गुरुजी, मी तुम्हाला मागच्या वेळी सगळं सांगितलं होतं ना? घरी नाही सांगितलंत?”

वेणीमाधवराव पंख्याकडे बघत होते. पंख्याचं ते पहिल्यांदाच एवढं बारकाईने निरीक्षण करत असावेत.

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. माझ्याकडे येणाऱ्या पेशंटमध्ये मी असं बघतो की तरुणपणी आणि मध्यम वयात हा त्रास पुरुषांना जास्त होतो. बायकांना तोवर शरीरातूनच एक संरक्षण असतं. पुस्तकांत अजून यावर एकमत नाही, पण मला तसं दिसतं. मात्र हे संरक्षण पाळी चालू असेपर्यंत. पाळी गेली की ते जातं, आणि मग पाच-सात वर्षांत बायका पुरुषांना गाठतात. कधी मागेही टाकतात. वहिनींनी मागे टाकलंय.

सरोजिनीने नवऱ्याकडे बघितलं. पस्तीस वर्षांच्या संसारात ती त्याचा चेहरा जितका वाचायला शिकली होती तितकी त्याची पोथीही त्याला वाचता येत नसेल. ते वाक्य त्याने पूर्ण ऐकलं होतं. विसरलाही नव्हता. पण सोवळ्यातला माणूस, पाटावर बसलेला, समोर भाऊ आणि भावजय. तो शब्द त्या घरात पुरुषाच्या तोंडून कधी निघालाच नव्हता. कावळा सुद्धा बायकाच म्हणायच्या, वेणीमाधवराव नुसते ‘मंगलाबाईंना निरोप पाठवा’ म्हणायचे. म्हणून त्यांनी वाक्याचा जेवढा भाग उच्चारण्याजोगा होता तेवढा उच्चारला आणि बाकीचा आपल्यापाशी ठेवला.

काय करायचं, असं तिने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, घाबरण्याचं कारण नाही, अजून वेळ आहे. तळलेलं आणि गोड बंद, उरलंसुरलं संपवणं बंद, रोज चांगलं तासभर चालायचं. स्वयंपाक खुशाल करा, हात चालू राहू दे. फक्त जे करता ते सगळं पोटात घालू नका.

संध्याकाळी दिवे लागले तेव्हा घरात बातमी पसरून झाली होती. वेणीमाधवरावांनी सगळ्यांना बसवलं. चूक झाली की माणूस कधी कधी जास्तच काळजी करायला लागतो, तसं त्यांचं झालं होतं. हिला विश्रांती हवी, चुलीपाशी राहिली की हात तोंडाकडे जाणार, असं म्हणून त्यांनी निर्णयाच्या सुरात सांगितलं की उद्या सकाळी गंगेवरून येताना मी मंगलाबाईंना सांगून येतो. उद्यापासून स्वयंपाक त्या करतील. उपेंद्राने मान हलवली. त्याला मंगलाबाईंची गोड आमटी पहिल्यापासून आवडायची, पण हे बोलायची ती वेळ नव्हती.

 सरोजिनीने पदर नीट केला.

“दादांचं बरोबर आहे,” लतिका म्हणू लागली होती, “थोडे दिवस विश्रांती—”

“तू थांब,” सरोजिनी म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. “अहो, एखाद्या यजमानाला अर्धाच मंत्र सांगून तुम्ही कधी दक्षिणा घेतलीत?”

ते म्हणाले, असं कसं होईल.

“झालंय. मला अर्धंच सांगितलंत, आणि वर्षभर तुमच्या वाटणीचं मी खाल्लं. त्याचं मी काही म्हणत नाही. माझ्या हाताला चव आहे, खाल्लं गेलं. पण माझी चूल तुम्ही काढून घेताय ती कशाबद्दल? वाक्य तुम्ही गिळलंत. चरबी मला आली.”

उपेंद्र या वेळी बायकोच्या नजरेची वाट न बघता वहिनीच्या बाजूला गेला. म्हणाला, दादा, वहिनीचं म्हणणं बरोबर आहे, डॉक्टरांनी स्वयंपाक करू नका असं कुठे म्हटलंय? लतिकाही वहिनींकडे सरकली, आता तिघं एका बाजूला झाली आणि वेणीमाधवराव पाटावर एकटे उरले. ते म्हणाले, बरं, तूच सांग काय करू.

सरोजिनीने सांगितलं. चूल माझी राहील. अनारसे मी करीन पण खाणार नाही, आणि रोज तुमच्याबरोबर गंगेपर्यंत चालत येईन. आणि तुम्ही यजमानांच्या बायकांना अर्धं वाक्य वाटत सुटला आहात, त्यांना उरलेलं सांगायचं. चांदवडला, सटाण्याला किती जणी माझ्यासारख्या नवऱ्याचं संपवत बसल्या असतील कोण जाणे.

वेणीमाधवरावांनी उपरणं तोंडाला लावलं. ते मला घाटावर कसं बोलता येईल, म्हणाले. उघड्यावर, परस्त्रीपाशी, स्नानानंतर.

“मग मंगलाबाईंना सांगून या,” सरोजिनी म्हणाली. “तेवढं मात्र तुम्हाला पहिल्यापासून बोलता येतं.”

दुसऱ्या दिवशी दोघं चालत निघाली. पंचवटीत नवरा-बायको बरोबर चालताना दिसली की लोक विचारतात कोण गेलं. तसं वाटेत दोघा जणांनी विचारलंही. सरोजिनीला धाप लागत होती, पण ती थांबली नाही. नवरा दोन पावलं पुढे जायचा आणि थांबल्यासारखं न दाखवता थांबायचा.

रामकुंडावर चांदवडचा सहादू आणि त्याची बायको शकुबाई भेटली. सहादू बारीक, काडीसारखा. शकुबाई तिच्या हिरव्या लुगड्यात भरदार, कपाळावर घाम. तिने पायऱ्या उतरता उतरता दोनदा कठड्याला धरलं, आणि एकदा हात बरगडीखाली गेला. सरोजिनीने ते बघितलं. वेणीमाधवरावांनी बघितलं की सरोजिनीने बघितलं.

संकल्प झाला. शकुबाईने डबा पुढे केला आणि हसत म्हणाली, “गुर्जी, तुमी सांगितल्यापासून ह्यांना गोड बंद केलं बगा. लय बारीक झाले. यांच्या वाटचं मीच खाते, आमा बायांना काय व्हत नाय म्हनलेत ना तुमी.”

 सरोजिनी पाण्याकडे बघत उभी राहिली. बाजूच्या छत्रीखाली दुसरे भिक्षुक संध्या करत होते आणि त्यांचे कान, संध्येत असतात तसे, मोकळे होते.

वेणीमाधवरावांनी घसा साफ केला. एकदा साफ केला, पुरेसा झाला नाही म्हणून परत केला. मग डोळे मिटले, आणि संकल्पात गोत्र उच्चारावं तशा खणखणीत आवाजात म्हणाले, “ते पाळी चालू असेपर्यंत. पाळी गेल्यावर बायकांनाही होतं. पुरुषांपेक्षा जास्तही होतं. माझ्या कुटुंबालाच झालेलं आहे.”

शेजारच्या छत्रीखाली आचमनाचं पाणी कुणाच्या तरी नाकात गेलं.

शकुबाईला काहीच वाटलं नाही. “मंग तसं सांगा की पयल्याच येळेला,” ती म्हणाली. “माजी तर जाऊन आठ वरसं झाली.” तिने सहादूकडे एक नजर टाकली आणि डब्यावरचा हात काढून घेतला. दान झालेलं होतं, पण तिकडे घरी अजून एक डबा भरलेला होता. त्याचं आता काय करायचं, याचा विचार तिच्या कपाळावर स्पष्ट दिसला. मग ती सरोजिनीपाशी येऊन बसली आणि दोघींनी बरगडीखालचं जड एकमेकींना सांगितलं, कुठून सुरू होतं, कधी वाढतं, डॉक्टरचा दवाखाना गंगापूर रोडला कुठल्या बाजूला. सहादू लांब उभा राहून नदी बघत होता. वेणीमाधवराव त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

ऊन चढायच्या आत दोघं परत फिरली. डबा वेणीमाधवरावांच्या हातात होता आणि तो संध्याकाळी अनाथ विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात द्यायचा, हे वाटेतच ठरलं. सरोजिनी म्हणाली, आज अळूची भाजी करते, तूप वरून नाही. ते म्हणाले, कर. 

गल्लीच्या तोंडाशी मंगलाबाईंचं घर लागलं. मंगलाबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, आणि अधिकात आपल्याला कधी बोलावणं येतं याची वाट बघत असल्यासारखं सूप बाजूला ठेवलं.

वेणीमाधवरावांनी त्यांना नमस्कार केला, तांदूळ चांगला दिसतोय म्हणाले, आणि न थांबता पुढे चालू लागले. या वेळी दोन पावलं पुढे सरोजिनी होती.